फुंकरमास्तरांची उसनी फुंकर

फुंकरमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता गल्लीत उरलं नव्हतं. शिवणयंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. 'मास्तर' ही पदवी त्यांना शिंप्यांनी दिलेली, पण पुढचं 'फुंकर' मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं. यंत्र पायाचं असो, हाताचं असो की मोटरचं, ते समोर आलं की मास्तर आधी त्याला आडवं करत, खालचं झाकण काढत, चष्मा कपाळावर ढकलत, ओठांचा चंबू करत आणि फुंकर मारत. कापसाची लव, धाग्यांचा भुसा, मोडक्या सुईचं टोक, एकदा तर एका गिऱ्हाइकिणीच्या कानातला हरवलेला खडा, असं सगळं त्या फुंकरीसरशी बाहेर येई. निम्मी यंत्रं तेवढ्यानेच बरी होत. उरलेल्या निम्म्यांना मग स्क्रू-ड्रायव्हर लागे.

त्यांच्या फुंकरीतही प्रकार होते. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या फटीत मारायची ती बारीक आणि लांब, शीळ वाजते न वाजते अशी. बॉबिनच्या खोबणीत मारायची ती आखूड आणि दणकट. तेलाचा थेंब सोडल्यावर तो नेमक्या सांध्यात सरकावा म्हणून मारायची तिसरी, तिला तर फुंकर म्हणणंही जड व्हावं. दुधावरची साय बाजूला सारावी तितकी ती हलकी. ही तिसरी फुंकर मारताना मास्तरांचे डोळे आपोआप मिटत. त्यांच्या बायकोला ते दृश्य पाठ होतं. "माझ्याकडे कधी बघितलं नाही एवढ्या मायेने," असं ती बिऱ्हाडात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला न चुकता सांगायची.

कारखाना म्हणजे स्वयंपाकघराशेजारची खोली. तिथे एक लांब बाक, भिंतीवर आकारानुसार टांगलेले पाने, खिडकीखाली नादुरुस्त यंत्रांची रांग आणि कोपऱ्यात एक मेलेला फ्रिज. फ्रिजमध्ये मास्तर सुया, पट्टे आणि बॉबिनी ठेवत. दाराच्या खणात, जिथे एके काळी अंडी असत, तिथे आता दाबपट्टीचे स्क्रू होते.

फ्रिज कसा मेला हा घरातला नाजूक विषय होता. बर्फ फार साठला म्हणून बायकोने तो एका दुपारी सुरीने खरवडायला घेतला, सुरी जरा आत गेली, 'फुस्स' असा आवाज आला आणि सगळा गॅस उडून गेला. "मारला नाही, मेला," असं ती म्हणायची. पुढे कधीही तिने हातात सुरी घेतली की मास्तर आपलं यंत्र थोडं लांब सरकवून ठेवत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मास्तरांचा दम तुटायला लागला.

आधी जिन्यात कळलं. यंत्राचं डोकं बगलेत मारून तिसऱ्या मजल्यावर चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. थांबतोय हे कुणाला दिसू नये म्हणून समोरच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं करत. ती पाटी त्यांनी इतक्यांदा वाचली की आतल्या बाई एकदा दार उघडून म्हणाल्या, "मास्तर, काही काम होतं का? रोज येता आणि परत जाता." मग फुंकरीतही कळलं. बारीक आणि लांब मारायला जावी तर ती मध्येच मोडायची, आणि मागून खोकला यायचा.

बायकोने त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. तिने मास्तरांच्या हातात एक प्लास्टिकची नळी दिली. नळीवर आकडे होते आणि एक छोटा लाल काटा.

"आजोबा, यात जोरात फुंका."

मास्तर हसले. "बाई, मोडेल तुमचं. आधी सांगून ठेवतो."

"मोडू दे. फुंका."

मास्तरांनी दणकट फुंकर मारली. काटा जेमतेम हलला आणि सुस्तपणे तिथेच बसला. मास्तरांनी नळी उलटी केली, उजेडात धरून आत डोकावलं आणि नखाने काटा टिचकवून पाहिला.

"अडकलाय. लव असेल आत."

"नळीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुमच्यात आहे. मला एक सांगा, फुंकर मारण्याआधी श्वास आत घेता ना? तेव्हा तोंड कुठे असतं?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "यंत्रात."

"मग?"

मास्तरांनी जन्मभर बाहेर गेलेली फुंकर पाहिली होती. आत आलेल्या श्वासाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

तोंडाने फुंकणं पूर्ण बंद, नाकातोंडावर कापडी पट्टी, असा निकाल घेऊन दोघं घरी आले. बायकोने चप्पल काढायच्या आत दुसरा निकाल दिला.

"फुंकर बंद म्हणजे धंदा बंद. सरळ गोष्ट आहे. आता आराम करायचा. आणि ती खोली दादाला द्यायची."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तो निवृत्त होऊन 'चार दिवस' बहिणीकडे आला होता, पण येताना ट्रंक घेऊन आला होता. दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपायचा, आणि पाय बाहेर येतात म्हणून पायांखाली एक स्टूल लावायचा. नोकरीत तो बॉयलर तपासनीस होता. आयुष्यभर कारखान्यांमधून फिरून, बॉयलरवर छोटी हातोडी मारून, कान लावून, हा फुटेल की नाही ते तो सांगत आला होता. त्याने तपासलेला एकही बॉयलर कधी फुटला नव्हता, पण त्याच्या मनात मात्र सगळे रोज फुटत. घरात कुकर लावला की तो उठून गॅलरीत जाई आणि तिथून शिट्ट्या ऐकत राही. बहिणीला तो अजून 'चिमणे' म्हणायचा. चिमणीचे गुडघे आता दुखत होते, केस पांढरे झाले होते, पण त्याला दुसरं नाव येत नव्हतं.

मास्तरांनी दोन-तीन उपाय करून पाहिले. ब्रशने लव निघत नव्हती, उलट आत ढकलली जात होती. सायकलचा पंप मारायला दोन हात लागत, यंत्र धरायला तिसरा आणि नळी धरायला चौथा. रबरी फुग्याची पिचकारी आणली, तिची हवा इतकी अशक्त की मास्तरांनाच तिची कीव आली. एका संध्याकाळी ते बाकावर हात टेकून बसून राहिले. समोर एका शिंप्याचं यंत्र उघडं पडलं होतं, दात्यांत लव दिसत होती आणि ती काढता येत नव्हती. मेलेल्या फ्रिजमधून बॉबिन काढायला ते उठले आणि दार उघडून तसेच उभे राहिले. मग त्यांनी वाकून पाहिलं. फ्रिजच्या पाठीमागे खाली तो काळा, गोल, भोपळ्यासारखा, गॅस दाबून पुढे ढकलणारा कॉम्प्रेसर होता. सुरी वर बर्फाच्या खणात घुसली होती. भोपळ्याला कुणी हात लावला नव्हता.

जेवताना त्यांनी विषय काढला.

"धंदा बंद करायची गरज नाही. फक्त फुंकर दुसऱ्या कुणीतरी मारायची."

"कोणी? मी?" बायको म्हणाली.

"फ्रिज."

बायकोने दादाकडे पाहिलं. दादाने घास खाली ठेवला.

"म्हणजे दाबाखालची हवा?" दादा म्हणाला. "टाकीत? घरात? तिसऱ्या मजल्यावर?"

"छोटी टाकी हो. ट्रकच्या ब्रेकला असते तशी. भंगारात मिळते."

"भंगारातली!" दादाने पाण्याचा घोट घेतला. "चिमणे, या माणसाशी तुझं लग्न झालं तेव्हा मी दौऱ्यावर होतो. नाहीतर मी तपासणी केली असती."

बायको भांडणात पडली नाही. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि ताटातली शेवटची भाजी पुसून घेत अट घातली. मास्तरांनी बनवायचं. दादाने तपासायचं. दादाने पास केलं तर कारखाना राहील, पण तोंडाने एकही फुंकर मारायची नाही. नापास केलं तर बाक काढायचा, पाने पेटीत भरायचे आणि खोली दादाची.

"वा!" मास्तर म्हणाले. "परीक्षक तोच, आणि बक्षीसही त्यालाच!"

दादा ताठ बसला. "दाजी, मी आयुष्यात एकाही बॉयलरशी खोटं बोललो नाही. तुमच्या भोपळ्याशी कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी मास्तर कामाला लागले. कॉम्प्रेसर फ्रिजपासून सोडवून बाकावर ठेवला. त्याला तीन तांब्याच्या नळ्या. कुठली हवा घेते आणि कुठली सोडते हे कळायला हवं होतं, आणि तोंड लावायला तर बंदी. मास्तरांनी पंख्याचं जुनं बटण जोडून तो चालू केला आणि एकेका नळीजवळ वरचा ओठ नेला. दोन नळ्यांनी मिशी आत ओढली. तिसरीने मिशी उडवली.

"ही!" मास्तर ओरडले.

बायको धावत आली तर नवरा नळीसमोर मिशी धरून आनंदाने उभा. तिने कपाळाला हात लावला आणि गॅसकडे परत गेली. मिशी ओढणाऱ्यांपैकी एक नळी मास्तरांनी चेपून बंद केली, दुसरीच्या तोंडाला फडक्याची गाळणी बांधली, लव आत जाऊ नये म्हणून. या बाबतीत ते आता फार हळवे झाले होते.

भंगारवाल्याकडून ट्रकची टाकी आली. ती मास्तरांच्या मांडीइतकी जाड आणि यंत्राच्या डोक्याहून थोडी लांब होती. तिला त्यांनी एकेक अवयव जोडला. हवा आत जाऊ देणारा पण परत न सोडणारा व्हॉल्व्ह, दाब दाखवणारा काटा, दाब फार वाढला तर आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि टाकी भरली की मोटर बंद करणारा स्विच. पोटाखाली साठलेलं पाणी सोडायची तोटी. शेवटी लाल रबरी नळी आणि तिच्या टोकाला घोड्याची छोटी बंदूक. घोडा दाबला की हवा.

पण दादाने बंदुकीला हात लावू दिला नाही.

"आधी पाणी."

"टाकी हवेची आहे, दादा."

"म्हणूनच. पाणी भरून दाब दिला आणि टाकी फुटली तर पाणी गळतं. हवा भरून दाब दिला आणि फुटली तर घर गळतं."

दादाने ओळखीच्या प्लंबरकडून पाइप तपासायचा हातपंप आणला आणि टाकी मोरीत नेऊन ठेवली. तिथून तीन दिवस कुणाला धड अंघोळ करता आली नाही. टाकी काठोकाठ भरून, आतला हवेचा शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत हलवून, दादाने सगळ्यांना बाहेर काढलं. मग मोरीच्या दाराआड उभं राहून, मास्तरांचा दाढीचा आरसा हात लांब करून धरत तो काटा वाचू लागला. पंपाचा दांडा बायकोच्या हातात होता, कारण दादाच्या मते दाब हळूहळू चढवायचा असतो आणि तेवढा धीर घरात फक्त तिच्याकडे होता.

"मार! थांब. मार! थांब, थांब, थांब!"

"दादा, माझा हात दुखतोय."

"चिमणे, इथे मोठमोठे कारखाने बंद ठेवलेत मी. हाताचं काय घेऊन बसलीस?"

मास्तर दिवाणावर बसून नखं खात होते. चालायच्या दाबाच्या दीडपट दाब चढला. टाकी थरथरली नाही, फुगली नाही, थेंब गळला नाही. गळत होता तो मोरीचा नळ, पण तो आधीपासून. दादाने हातोडीने टाकीवर हलकेच टोला दिला, कान लावला आणि म्हणाला, "आवाज बरा आहे." नापास करायला काही मिळालं नाही म्हणून त्याचा चेहरा उतरला की टाकी चांगली निघाली म्हणून खुलला, हे मास्तरांना नीट कळलं नाही.

शेवटची परीक्षा राहिली. सकाळी टाकी भरायची, मोटरची वायर काढून ठेवायची आणि संध्याकाळी काटा बघायचा. "हवा थंड झाली की केसभर उतरतो. तेवढं मी धरत नाही. त्याहून खाली गेला तर गळती. गळती म्हणजे नापास." काचेवर काटा जिथे होता तिथे दादाने पेन्सिलीने खूण केली.

पहिल्या दिवशी मास्तर दुपारी पिशवी घेऊन गिऱ्हाइकांकडे गेले, दादा वाचनालयात गेला. संध्याकाळी दोघं एकदमच परतले आणि बूट न काढता कारखान्यात घुसले. काटा खुणेच्या दोन बोटं खाली होता.

मास्तरांनी भांड्यांच्या साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने सगळ्या सांध्यांना फासलं. एका सांध्यावर बारीक बुडबुडे आले. तो उघडून, आट्यांना पांढरी टेप गुंडाळून पुन्हा आवळला. दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा खाली. पुन्हा साबण, आणि आता एकही बुडबुडा नाही. तरी मास्तरांनी सगळं उघडलं, सगळ्याला टेप लावली. बाकावर फेस, जमिनीवर फेस, मास्तरांच्या मिशीवर फेस. बायको दारात येऊन म्हणाली, "साबण संपला माझा. भांडी आता कशाने घासू? हवेने?" आणि का कोण जाणे, लगबगीने निघून गेली.

तिसऱ्या दिवशीही काटा खाली. साबणात बुडबुडा नाही आणि काट्यात हवा नाही, असा चमत्कार मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. त्या रात्री त्यांना झोप लागेना. कूस बदलता बदलता त्यांना एकदम आठवलं की बक्षीस कुणाला आहे.

चौथ्या सकाळी त्यांनी टाकीच्या पोटाखालच्या तोटीला काळ्या धाग्याचा एक वेढा घातला आणि शिंप्यांची गाठ मारली, जी सुटली तर पुन्हा तशी बसत नाही. संध्याकाळी काटा खाली आला होता. गाठ मात्र जशीच्या तशी. मास्तर चिडले, ते गाठ न सुटल्यावरच; इतकी सफाई तपासनिसालाच जमणार.

"दादा, वाचनालय किती वाजता बंद होतं?"

"म्हणजे?"

"सहज विचारतो. दुपारी मध्येच घरी येणं होतं का?"

दादा हळूच उठला. त्याला समजायला वेळ लागला नाही, तपासणीत त्याने असे प्रश्न स्वतःच पुष्कळ विचारले होते.

"मी हवा सोडतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. काटा म्हणतोय."

"दाजी," दादा म्हणाला, "दिवाणावर पाय मावत नाहीत हे खरं आहे. खोली मिळाली असती तर बरं वाटलं असतं, हेही खरं. पण काट्याला मी कधी हात लावला नाही. नोकरीत एकदाही नाही. आता पेन्शनीत लावीन?" आणि तो ट्रंक काढायला वळला.

बायको स्वयंपाकघरात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने गॅस बंद केला.

मास्तरांना बोलून झाल्यावर वाईट वाटलं, पण तोंडातून बाहेर पडलेलं आत कसं घ्यायचं ते त्यांना माहीत नव्हतं. कारखान्यात बसवेना, दिवाणखान्यात जाववेना. मधल्या बोळकांडीत बायकोचं शिवणयंत्र होतं. जन्मभर परक्यांची यंत्रं साफ करणाऱ्या या माणसाच्या घरचं यंत्र सगळ्यात मळकं. बायकोने कितीदा सांगितलं, मास्तरांना सवड मिळाली नव्हती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी ते आडवं केलं आणि खालचं झाकण काढलं.

आत लव नव्हती.

दात्यांच्या फटी काळ्याभोर, स्वच्छ. बॉबिनच्या खोबणीत एक तंतू नाही. ब्रशने केलेलं काम असतं तर कोपऱ्यात दाबलेली लव राहिली असती. तोंडाने फुंकलेलं असतं तर... पण असं फुंकणारा घरात एकच माणूस होता आणि त्याच्यावर बंदी होती. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. यंत्रामागच्या भिंतीवर त्यांना बारीक ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, पिवळट. बोट फिरवलं. तेल. फ्रिजचा कॉम्प्रेसर हवेबरोबर तेलाचा धुरळा उडवतो, त्यासाठी वेगळी गाळणी लावायची राहिली होती.

मास्तर ठिपक्यांच्या मागावर निघाले. खिडकीच्या जाळीखाली ठिपके, आणि जाळी अशी लख्ख की बाहेरचं झाड जवळ आल्यासारखं वाटत होतं. रेडिओच्या पाठीमागे ठिपके. पंख्याच्या पात्यांवर धूळ नाही, छतावर मात्र ठिपके. स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली. कपाटावरच्या सुटकेसवर. लाल नळी जिथवर पोचत होती तिथवर घर उजळलं होतं, आणि तिच्या पलीकडे जुनी धूळ मुकाट बसली होती. बरोबर अर्धगोल.

मास्तर बायकोच्या यंत्रातली बॉबिन हातात घेऊन दिवाणखान्यात आले. दादा ट्रंकेत शर्ट भरत होता. बायको दारात आडवी उभी होती.

"अगं," मास्तर म्हणाले.

तिने बॉबिनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग भावाकडे.

"दादा, ट्रंक ठेव खाली," ती म्हणाली. "मी केलं."

"काय केलंस?"

"पहिल्या दिवशी फक्त खिडकीची जाळी." तिचा आवाज चोरट्या मुलीसारखा झाला होता. "तुम्ही दोघं गेलात, ती बंदूक तशीच लोंबत होती. म्हटलं, बघू तरी काय येतं त्यातून. जाळीला लावली आणि दाबली. दादा, किती वर्षांची धूळ रे ती! ब्रश मोडले, फडकी फाटली, ती हलली नव्हती. एका फुंकरीत गेली. मग रेडिओ दिसला. मग पंखा. मग... थांबताच येईना."

"आणि काटा?" दादा म्हणाला. "काटा बघितला नाहीस?"

"मला वाटलं, एवढीशी हवा. कुणाला कळणार? तेवढी परत तयार होत असेल."

"वायर काढलेली होती, चिमणे!"

"हो, मग मला काय माहीत? फ्रिज पण वायर काढल्यावर थोडा वेळ गार राहतोच ना?"

दादा दिवाणाच्या कडेवर बसला.

"मग सांगितलं का नाहीस?" मास्तरांनी विचारलं. "मी टाकी तीनदा उघडली. तुझ्या सख्ख्या भावाला चोर ठरवलं."

"कसं सांगू? इतक्या तोऱ्यात म्हटलं होतं, नको ते खूळ, खोली रिकामी करा. आणि चार दिवसांत मीच..." तिने पदराने नाही, हाताच्या पाठीने नाक पुसलं. "आणि तुम्हाला नळीजवळ मिशी धरून हसताना पाहिलं होतं मी. म्हटलं, पास झालं तर बरं. पण हात राहीना."

दादाने शर्ट ट्रंकेतून काढले आणि एकेक करून पुन्हा खुर्चीवर ठेवले. मास्तर त्याच्यासमोर गेले. त्यांना माफी मागायची होती, पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"दादा, टेप लावल्यावर साबणाच्या पाण्यात तरी बुडबुडा आला नव्हता. ते मी म्हणत होतोच."

"म्हणत होतात," दादा म्हणाला. आणि पुढे, जरा थांबून, "सांधे चांगले आवळलेत."

दोघांचं तेवढ्यावर मिटलं.

परीक्षा मात्र पुन्हा झाली. दादाने त्यात तडजोड केली नाही. सकाळी टाकी भरली, वायर काढली, आणि बंदुकीच्या घोड्याला कापड गुंडाळून त्यावर मेणबत्तीचं मेण ओतून सील केलं. सील करताना त्याचा हात असा सराईतपणे फिरला की मास्तरांना त्याच्या उमेदीची वर्षं दिसली. बायकोने स्वतःहून बाहेर जायचं ठरवलं. "घरात ठेवू नका मला. कपाटाच्या मागची बाजू राहिलीय अजून," असं म्हणून ती मैत्रिणीकडे निघून गेली. दुपारभर घरात दोन म्हातारे काट्यासमोर स्टुलं टाकून बसले. एकदा मास्तर खोकले तर दादा दचकून म्हणाला, "हळू. काटा हलेल."

संध्याकाळी काटा खुणेवर होता. केसभर खाली, पण तो केस दादाने आधीच माफ केला होता.

दादाने हातोडीने टाकीवर शेवटचा टोला दिला, कान लावला आणि डोळे मिटून ऐकलं. त्याच्याकडे आता शिक्का नव्हता, कागद नव्हता. तो फक्त म्हणाला, "पास," आणि आपली खोली हातची घालवली.

खोली गेली, पण तो गेला नाही. दिवाणाची दिशा मात्र त्याने बदलून घेतली. आता पाय गॅलरीच्या दाराच्या उंच उंबऱ्यावर टेकतात, स्टूल लागत नाही, आणि उशीवरून मान थोडी वळवली की कारखान्यातला काटा दिसतो. टाकी भरून मोटर बंद पडताना स्विच थोडी हवा सोडतो, 'फुस्स'. तेव्हा दादा झोपेतसुद्धा म्हणतो, "बरोबर आहे." कुकरच्या शिट्टीला मात्र तो अजून गॅलरीत जातो.

मास्तरांनी तेलासाठी वेगळी गाळणी लावली आणि भिंतीवरचे ठिपके पुसायचं काम, सगळ्यांच्या एकमताने, बायकोकडे गेलं. लाल नळी तिने आणखी लांब आणायला लावली. ती आता शेवटच्या खोलीतल्या कपाटापर्यंत पोचते.

आणि शिंपी पुन्हा यंत्रं घेऊन यायला लागले. मास्तर नाकातोंडावर पट्टी बांधतात, यंत्र आडवं करतात, झाकण काढतात, चष्मा वर ढकलतात आणि बंदूक दात्यांच्या फटीला लावतात. लव उडून मागे ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत जाते. घोडा थोडा दाबला की बारीक फुंकर, पूर्ण दाबला की दणकट. फक्त ती तिसरी, तेलाच्या थेंबामागून जाणारी, कशीच जमत नव्हती. भोपळ्याला ती मायाच नव्हती. मास्तर घोड्यावर बोट इतकं हलकं ठेवत की हवा येते की नाही ते कळू नये, आणि तरी थेंब भलतीकडे पळे.

एका दुपारी ते असेच एका जुन्या यंत्रावर वाकले होते. तेलाचा थेंब सोडला. बंदूक हातात, डोळे मिटलेले. आणि पट्टीच्या आत ओठांचा चंबू झाला.

दारात बायको उभी होती.

"तोंड!" ती म्हणाली.

मास्तर दचकले. बोट घोड्यावरून निसटता निसटता जरासं टेकलं, हवेची एक झुळूक आली, आणि थेंब नेमका सांध्यात सरकला.

मास्तरांनी डोळे उघडून पाहिलं. थेंब दिसेनासा झाला होता. त्यांनी पट्टी खाली ओढली. चंबू अजून तसाच होता.

"मी नाही मारली," ते म्हणाले.

"मग ते ओठ?"

"ते नुसते हजर असतात."

बायकोने पुढे येऊन पट्टी पुन्हा वर ओढून नीट बांधली, कानामागे गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "राहू देत हजर. पण आतच." आणि जाता जाता बंदूक त्यांच्या हातातून काढून घेत, "जरा द्या हो, घड्याळावर परत धूळ बसलीय."